६.८

आज तपासणीला आलेल्या एका गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ६.८ निघालं. सातवा महिना, तिसरी खेप. "या दिवसांत थकवा तर येतोच ना," ती म्हणाली. चेहऱ्यावर काळजी नव्हती, आणि ते पाहूनच माझ्या पोटात खड्डा पडला.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय. जगात दर तीन गरोदर स्त्रियांमागे निदान एकीला तो असतो, आणि सर्वाधिक भार विकसनशील देशांवर. एरवी निभावून जाईल एवढा बाळंतपणातला रक्तस्राव अशा बाईच्या जिवावर बेततो.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या का? हो, मिळाल्या होत्या. मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, म्हणून घाबरून तिने बंद केल्या. लोहाच्या गोळ्यांनी असा रंग येतो, त्यात धोका नाही, हे एक वाक्य तिला कुणी सांगितलंच नव्हतं! कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घ्यायची नाही, हेसुद्धा नाही. (शिवाय रक्तक्षयाची इतर कारणं: पोटातले जंत, मलेरिया, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर. नुसत्या गोळ्यांनी कुठे भागतं?)

तिला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. निघताना तिने विचारलं, "बाळाला काही होणार नाही ना?" स्वतःबद्दल एकही प्रश्न नाही. संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे.

उद्यापासून गोळ्या हातात देताना प्रत्येकीला बसवून दोन मिनिटं बोलणार आहे. रांग कितीही लांब असो.