उंटावर चढायच्या आधीच सगळं बोलून घ्यावं

इजिप्तची तिकिटं निघाली आणि घरात दोन पक्ष पडले. लेकाला पिरॅमिडच्या मागच्या वाळवंटात क्वाड बाइक, म्हणजे वाळूत पळणारी चार चाकांची बाइक, चालवायची होती. नागावच्या किनाऱ्यावर तसल्याच एटीव्हीची चक्कर मारल्यापासून तो स्वतःला त्यातला जाणकार समजतो. आत्याला उंटावर बसायचं होतं. आत्याचं वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे ठणठणीत, हट्ट त्याहून ठणठणीत. "अगं, उंटावरचा फोटो नसला तर सोसायटीत कोण विश्वास ठेवणार मी गेले होते म्हणून?" नवऱ्याने हात वर केले आणि कामाला लागले मी, कारण आमच्याकडे प्रवासाची फाइल माझ्या ताब्यात असते.

सुरुवात विम्यापासून झाली. प्रवासविम्याच्या पॉलिसीत शेवटी बारीक अक्षरात काय काय वगळलंय त्याची यादी असते, तिच्यात क्वाड बाइक 'साहसी खेळ' म्हणून बसलेली होती. थोडा जास्तीचा प्रीमियम भरून ती जोडून घेता आली. उंटाचं विचारल्यावर फोनवरचा मुलगा जरा थबकला, "मॅडम, उंटाचं विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की सोबत उंटवाला चालत असेल तर हरकत नाही. मी म्हटलं, हेच ईमेलवर लिहून पाठवा. पाठवलं बिचाऱ्याने. नवरा हसला, पण परदेशात हाड मोडलं तर तोंडी आश्वासन कोणी बघत नाही.

आता गिझाचं, म्हणजे कैरोला लागून असलेल्या पिरॅमिडांच्या आवाराचं. जुने प्रवासवृत्तांत वाचून जाणार असाल तर ते बाजूला ठेवा, कारण तिथली व्यवस्था बदलली आहे. एप्रिल २०२५ पासून पर्यटकांचं मोठं प्रवेशद्वार फय्यूम रस्त्याच्या बाजूला गेलं. आपली गाडी किंवा टूरची बस आत नेता येत नाही. आत विजेवरच्या बस फिरतात, थांब्यावर उतरा, बघा, पुढच्या बसमध्ये चढा. पूर्वी फाटकातून शिरल्याशिरल्या उंटवाले गराडा घालायचे, आता त्यांना वेगळी जागा ठरवून दिली आहे. यावरून त्यांची नाराजी आहे आणि ती मला समजते. स्फिंक्सच्या पायथ्याशी नझलेत एस-सम्मान नावाचं गाव आहे, तिथल्या कित्येक घरांत हा धंदा बापाकडून मुलाकडे आलेला. पण आम्हा पर्यटकांच्या बाजूने बोलायचं तर आता पिरॅमिडकडे मान वर करून शांतपणे बघता येतं, हेही खरं.

आणि बघण्यासारखं फार आहे. खुफू राजाचा, तिथला सर्वात मोठा पिरॅमिड मुळात जवळजवळ १४६ मीटर उंच होता, आज साधारण १३८ मीटर उरला आहे. सुमारे २३ लाख दगड. बाहेरून बसवलेला तुरा इथल्या खाणीतला गुळगुळीत पांढरा चुनखडक बहुतेक गेला, बराचसा कैरोच्या बांधकामांत. शेजारच्या खाफ्रे राजाच्या पिरॅमिडच्या टोकावर मात्र त्याची टोपी अजून शिल्लक आहे. खाफ्रेचा उंच जमिनीवर उभा असल्यामुळे तोच मोठा वाटतो आणि आत्यासकट निम्मे लोक त्यालाच 'मोठा पिरॅमिड' समजून फोटो काढतात. तिसऱ्या, मेनकाउरे राजाच्या पिरॅमिडच्या उत्तर बाजूला उभी मोठी खाच दिसते. ती सुलतान सलाउद्दीनच्या मुलाची करामत. ११९६ साली त्याने पिरॅमिड पाडायला माणसं लावली, आठ महिने खपून एवढंच साधलं.

उंटवाल्यांकडे आम्ही बसने पॅनोरमाच्या, म्हणजे सगळे पिरॅमिड एकत्र दिसतात त्या जागेच्या, बाजूला जाऊन पोचलो. इथेच खरी कसोटी. माथेरानला घोडेवाल्यांशी बोलायची सवय असेल तर अर्धं काम झालेलं असतं, उरलेल्या अर्ध्यासाठी मी प्रश्न ठरवूनच गेले होते. भाव माणशी की उंटामागे? किती वेळ? पाउंड म्हणजे इजिप्तचेच ना? (हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण उतरताना "मी डॉलरमध्ये सांगितलं होतं" ही तिथली जुनी युक्ती आहे.) कुठे बसायचं, कुठे उतरायचं? उतरवण्याचे वेगळे पैसे नाहीत ना? आणि बक्षीस, म्हणजे टिप, यात धरलंय की वेगळं? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण एकदा माणूस उंटावर चढला की भाव करायची ताकद खालच्या माणसाकडे जाते. जमिनीपासून दोन मीटरहून वर बसून, उतरायचं कसं हे ठाऊक नसताना कोण हुज्जत घालणार?

आमचा उंटवाला पन्नाशीचा, निळ्या गलबियातला, म्हणजे तिथल्या पायघोळ अंगरख्यातला. "इंडिया? अमिताभ बच्चन!" हे झालंच. उंटाचं नाव त्याने शाहरुख सांगितलं. आमच्या आधी उतरलेल्या अमेरिकन जोडप्याला त्याच उंटाचं नाव मायकेल असल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्याने उंटामागे १५०० पाउंड सांगितले. पाउंड साधारण पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात, म्हणजे बघा. मी ५०० म्हटलं. त्याने आकाशाकडे बघितलं, छातीवर हात ठेवला, मुलंबाळं काढली. आत्या मधेच मराठीत म्हणाली, "चल गं, नाही परवडत," आणि खरोखरच चालू पडली. तो तिच्यामागे आला. अर्ध्या तासाला उंटामागे ७००, बक्षीस धरून. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर ७०० टाकून त्याला दाखवले, त्याने मान डोलावली, आणि फोनची स्क्रीन तशीच ठेवून मी तिचा फोटो काढला, त्याच्या हातातल्या दोरीसकट. तो हसायला लागला. "मॅडम, पोलीस?" म्हणाला. पैसे देण्यावरून मागाहून एक शब्द झाला नाही.

भावाच्याही आधी आम्ही उंट बघितला होता. खोगिराच्या काठाखाली, पोटाच्या पट्ट्यापाशी आणि गुडघ्यांवर जखमा आहेत का, बरगड्या दिसतात का, माणसाने जवळ हात नेला की जनावर दचकतं का. रांगेतले दोन उंट याच कारणाने नको म्हटले. एकाच्या पट्ट्याखाली सोललेलं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या. या जनावरांच्या हालांविषयी बरंच बोललं गेलं आहे आणि ते खोटं नाही. मुळीच बसू नये असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण बसायचंच असेल तर पैसा निदान धडधाकट जनावर राखणाऱ्याकडे जावा.

चढणं सोपं, उठणं अवघड. खोगीर म्हणजे लाकडी चौकट, वर रंगीत गोधड्या आणि गोंडे, पुढे एक खुंटी आणि मागे एक खुंटी. बसलेल्या उंटावर टांग टाकायची, एका हाताने पुढची खुंटी धरायची, दुसऱ्याने मागची. मग उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर, त्यामुळे आपण तोंडावर पुढे जातो. म्हणून आधीपासून मागे रेलून राहायचं. क्षणभराने पुढचे पाय सरळ होतात आणि आपण पाठीमागे फेकले जातो, तेव्हा पुढे झुकायचं. उतरताना पुढचे गुडघे आधी टेकतात, तेव्हा परत मागे रेलायचं. हे मी आत्याला हॉटेलच्या खोलीत खुर्चीवर बसवून करून दाखवलं होतं. ती "आई गं!" एवढंच ओरडली आणि नंतर वरून आम्हाला सूचना द्यायला लागली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलं.

उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे चाल घोड्यासारखी टपटप नसते, भरतीच्या वेळी मांडव्याच्या लाँचमध्ये उभं राहिल्यासारखं अंग डोलत राहतं. कंबर सैल सोडली तर मजा येते, ताठ बसलं तर अर्ध्या तासात पाठ बोलायला लागते. मांड्या खोगिराला घासतात, तेव्हा जाड कापडाची पूर्ण विजार हवी. नऊ पिरॅमिड एका नजरेत येतील अशी एक जागा आहे, तीन मोठे आणि राण्यांचे सहा छोटे. तिथे उंटवाला थांबतो, तुमचा फोन मागतो आणि कोणाच्याही हाताच्या बोटावर पिरॅमिडचं टोक ठेवून दाखवतो. फोटो काढण्यात हे लोक वाकबगार आहेत. माझा फोन मात्र गळ्यातल्या दोरीला बांधलेला होता, त्यामुळे त्यालाच माझ्याजवळ उभं राहून वाकून फोटो काढावे लागले.

गंमत अशी की पिरॅमिड बांधणाऱ्यांनी या कामावर उंट कधी वापरले नाहीत. इजिप्तमध्ये उंट सर्रास दिसू लागले ते पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी. खुफूच्या काळी ओझ्याला गाढव आणि दूरच्या वाहतुकीला नाव. लाल समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे २०१३ साली पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख, सापडले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाच्या नोंदी आहेत. तुराच्या खाणीतून चुनखडक नावांत भरून नदीने आणि कालव्यांनी गिझाला आणल्याचा तो अक्षरशः रोजनामचा आहे. खुफूच्या पिरॅमिडशेजारच्या खड्ड्यात सापडलेली ४० मीटरहून लांब लाकडी नाव आता जवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. ती बघून आलो की उंटाचा फोटो आणि नाईलवरचा नावांचा ताफा यांतला फरक लक्षात येतो. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "असू दे. मला गाढवावरचा फोटो नको."

जनावरांचा आणि इथल्या इतिहासाचा एक दुवा मात्र पक्का आहे. १९९० साली स्फिंक्सच्या दक्षिणेला एका सवारीच्या घोड्याचा पाय वाळूतल्या विटांच्या भिंतीला अडखळला. ती भिंत थडग्याची निघाली. पुढे तिथे पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची दफनभूमी उघडकीस आली आणि हे काम गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढून झालं ही समजूत बरीच ढिली पडली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, सन्मानाने पुरलेली माणसं होती ती.

म्हणूनच क्वाड बाइकना पुराणवस्तूंच्या हद्दीत मज्जाव आहे हे मला योग्य वाटतं. वाळूखाली काय आहे ते कुणी सांगावं. क्वाडचा धंदा कुंपणाबाहेर चालतो, दक्षिणेच्या मोकळ्या वाळवंटात. इजिप्तमध्ये तिला 'बीच बग्गी' म्हणतात, तेव्हा त्या नावाने विचारलंत तर पटकन कळतं. आम्ही संध्याकाळची वेळ घेतली. पिरॅमिडचं आवार सूर्यास्ताआधीच बंद होतं, तेव्हा मावळता सूर्य बघायचा तर तो बाहेरूनच.

आमच्या क्वाडवाल्याकडे हेल्मेट भिंतीवर शोभेला टांगलेली होती. मागितल्यावर "नो प्रॉब्लेम, स्लो, स्लो" म्हणाला. हेल्मेट नाही तर पैसे नाहीत, असं म्हटल्यावर ती खाली आली, एकाची हनुवटीची पट्टी तुटकी निघाली, ते बदलून घेतलं. मग ब्रेक. निघण्याआधी अंगणातच गाडी दोन हात पुढे नेऊन ब्रेक दाबून बघायचा. लेकाच्या गाडीचा डावा लिव्हर पोकळ लागत होता, ती गाडीही परत केली. क्वाडवाल्याचं तोंड वाकडं झालं, होऊ दे.

गिअरची भानगड नसते. उजव्या अंगठ्याखाली छोटी पट्टी असते, ती दाबली की गाडी पळते. दुचाकी चालवणाऱ्याला वळताना अंग कलवायची सवय असते, गाडी मात्र कलत नाही, तिला चार चाकं आहेत. वळायचं हँडलने, आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं ते गाडी उलटू नये म्हणून. पाय कायम फूटरेस्टवर. आधाराला पाय जमिनीवर टेकवायची दुचाकीवाल्यांची खोड इथे घातक, मागचं चाक थेट पोटरीवर येतं. उताराला आडवं जायचं नाही, सरळ चढायचं, सरळ उतरायचं, आणि मऊ वाळूत मधेच थांबायचं नाही. लेकाला पहिल्या टेकडीवर हे सगळं ऐकू आलं नसावं. गाडी अर्ध्यात रुतली आणि वाटाड्याने येऊन, काही न बोलता, मागून ढकलून काढली. नंतर लेक निमूट माझ्यामागे.

पहिला टप्पा रुक्ष आहे. तबेल्यांच्या बोळातून, कचऱ्याच्या ढिगांवरून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून जावं लागतं. मग एकदम वाळू लागते आणि गाडीची धडधड हाडांत जाते. पुढच्याची धूळ खायची नसेल तर रांगेत अंतर ठेवायचं किंवा जरा बाजूने चालायचं. नाकातोंडाला सुती ओढणी, डोळ्यांना गॉगल. चष्मा असेल तर वरून बसेल असा मोठा गॉगल न्या, तिथे मिळतो तो ओरखडलेला. टेकडीवर सगळ्यांनी इंजिनं बंद केली. समोर तिन्ही पिरॅमिड तिरक्या ओळीत, आणि त्यांच्या पाठीमागे, अगदी लागून, गिझाच्या इमारती. फोटोत हे शहर कोणी येऊ देत नाही. मला ते आवडलं. साडेचार हजार वर्षांच्या शेजारी कोणीतरी गच्चीवर कपडे वाळत घालतंय.

परत आल्यावर हिशेब. क्वाडचे पैसे आधीच ठरलेले, वाटाड्याला बक्षीस वेगळं आणि थेट त्याच्या हातात, कारण मालकाच्या हातात दिलेलं त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. त्यासाठी सकाळीच हॉटेलात ५०-१०० च्या नोटा सुट्या करून घेतल्या होत्या. मोठी नोट दिली की तिथे कुणाकडेच सुटे नसतात. आत्या तबेल्याच्या ओट्यावर बसून पुदिन्याचा चहा पीत आमची वाट बघत होती. मालकाच्या आईने तिला शेजारी बसवून घेतलं होतं, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि गुडघ्यांवर चर्चा जोरात चालू होती. चहाचे पैसे घ्यायला ती बाई काही केल्या तयार होईना. आत्याने पर्समधून घरच्या शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट काढून तिच्या ओटीत ठेवलं आणि आम्ही निघालो.