नऊ तासांचं विमान, चार महिन्यांचा प्रवास

मुंबई ते फ्रँकफर्ट थेट विमानाला साधारण नऊ तास लागतात. त्याच विमानाच्या पोटातून जाणाऱ्या कुत्र्याला मात्र चार महिने आधी निघावं लागतं. म्हणून या प्रवासवर्णनात खिडकीतून दिसलेले ढग नाहीत. आहेत त्या तारखा, आणि त्यांच्या क्रमावरून होणारी चिडचिड.

‘आमच्याकडे सगळी इंजेक्शनं झालीत,’ असं प्रत्येक जण सांगतो. झालेलीही असतात. पण कातडीखाली ओळखीची चिप बसवण्याआधी दिलेली रेबीजची लस युरोपीय संघाच्या लेखी दिलेलीच नसते. चिप म्हणजे ओळख. ओळख नसताना लस नेमकी कोणत्या कुत्र्याला दिली, हे कशावरून ठरवायचं? चिप १५ आकडी, आयएसओ प्रमाणाची हवी. वेगळ्या प्रमाणाची निघाली तर ती वाचणारा स्कॅनर तुम्हीच सोबत न्यायचा. चिप आणि लस एका दिवशी चालते, फक्त आधी चिप. पिल्लू लसीच्या वेळी किमान १२ आठवड्यांचं हवं.

पुढचा टप्पा सगळ्यात जास्त लोकांना बुडवतो. रेबीज आटोक्यात असलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही, त्यामुळे लशीपाठोपाठ रक्ताची टायटर चाचणी येते, म्हणजे लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं मोजणं. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, संघाची मान्यता असलेल्याच प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि प्रतिपिंडं मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त यायला हवीत. समजा ५ जानेवारीला चिप आणि लस झाली. ४ फेब्रुवारीला रक्त काढलं तर चालेल. २ फेब्रुवारीला ‘डॉक्टर आज मोकळे आहेत’ म्हणून काढलं तर अहवाल कितीही उत्तम येवो, रद्दी. मी तर आणखी दोन-चार दिवस जाऊ देईन. एका दिवसासाठी कुणाशी हुज्जत घालायची हौस मला नाही.

प्रयोगशाळेकडे पाठवायचं असतं ते सीरम. रक्त गोठू द्यायचं, यंत्रात वेगाने फिरवून (सेंट्रिफ्यूज करून) वरचा पातळ द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढायचा आणि थंड ठेवून पाठवायचं. तसंच रक्त पाठवलं तर वाटेत पेशी फुटतात, नमुना लाल होतो आणि चाचणीच्या कामाचा राहत नाही. नळीवर नावाऐवजी चिपचा नंबर मोठा लिहा. पंधरापैकी एक आकडा चुकला तरी तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा होतो.

मग तीन महिने थांबायचं. हे महिने रक्त काढलेल्या तारखेपासून मोजतात, अहवाल आल्यापासून नव्हे. म्हणजे ४ फेब्रुवारीचं रक्त असेल तर ४ मेपासून वाट मोकळी. या मुदतीत पुढची लस चुकवू नका. जुन्या लशीची मुदत संपल्यावर एक दिवस जरी उशिरा टोचली, तरी ती ‘पहिली लस’ धरली जाते आणि ३० दिवस, रक्त, तीन महिने सगळं पुन्हा सुरू. वेळेवर देत राहिलात तर हीच टायटर जन्मभर चालते.

शेवटच्या दहा दिवसांत मात्र धावपळ. प्राणी आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाचं लागतं. आपल्याकडे ते प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या केंद्रातून, म्हणजे सगळे ज्याला ‘क्वारंटीन ऑफिस’ म्हणतात तिथून, मिळतं. मुंबईत ते आहे. दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं. प्रमाणपत्र इंग्रजीबरोबर प्रवेशाच्या देशाच्या भाषेतही हवा. बर्लिनला जाताना पॅरिसला विमान बदलत असाल तर प्रवेश फ्रान्समध्ये, मग प्रमाणपत्र फ्रेंचमध्येही. तिकीट स्वस्त पडलं म्हणून मार्ग बदलणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, की तो व्यापारी माल ठरतो आणि नियम आणखी जाचक होतात.

पेटीबद्दल दुकानदारावर विश्वास ठेवू नका, मोजपट्टी घ्या. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर अधिक पुढच्या कोपराच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभं राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंत. चारही बाजूंनी हवा, प्लास्टिकच्या खटक्यांऐवजी धातूचे नटबोल्ट, चाकं काढलेली, पाण्याची वाटी बाहेरून भरता येणारी. गुंगीचं औषध देऊ नका. उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडतो. पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत, आणि मला त्या कंपन्यांचा राग येत नाही.

लंडनला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये विमानाने कुत्रा येतो तो कार्गो म्हणूनच, तुमच्या सामानाबरोबर नाही. म्हणून पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला उतरून मोटारीने इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून जाण्याची युक्ती बरेच जण करतात. त्याच बोगद्यातून लंडनला जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेत पाळीव प्राणी घेत नाहीत. ब्रिटनसाठी पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं औषध पशुवैद्यकाकडून, वेळेच्या नोंदीसह.

फ्रँकफर्टला बाहेर पडताना कस्टम्सची लाल मार्गिका, म्हणजे काही जाहीर करायचं असणाऱ्यांची, घ्यायची. कागद बरोबर असतील तर चिप वाचतात, नंबर जुळवतात, संपलं. इतक्या महिन्यांनंतर ते इतकं झटपट होतं की जरा अपमानच वाटतो. पुढे जर्मन रेल्वेत मांजरापेक्षा मोठ्या कुत्र्याला तिकीट, पट्टा आणि मुसकं लागतं. घर मिळालं की गावाच्या कार्यालयात कुत्र्याचा कर भरायचा. मांजराला कर नाही.