चप्पल लाईनीतली दुपार

आज दुपारभर कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत एका दुकानात होतो. मालकांना प्रसिद्धी हवी होती. मी सवयीनं प्रेसनोट, पेपरवाल्यांची यादी असं बोलायला लागलो, तर काकांनी मोबाईलच पुढं केला. इन्स्टावर एका गिऱ्हाईकानं लिहिलेलं, ‘महिन्यात चपलेचा अंगठा तुटला.’ खाली काकांच्या लेकीचा व्हिडिओ: कारागीर नवा अंगठा बसवतोय, दोरा ओढून टाका घट्ट करतोय. सोबत एकच ओळ, ‘पाठवून द्या, पैसे नकोत.’ तक्रार करणाऱ्यानंच तो पुढं शेअर केला होता.

खरं सांगतो, जनसंपर्क म्हणजे आता हेच. पूर्वी काय छापून यायचं एवढंच आम्ही बघायचो. आता लोक चारचौघांत विचारतात आणि उत्तरही तिथंच द्यावं लागतं.

मोठ्या कंपन्यांचीही यातनं सुटका नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. कोल्हापुरी चपलेचं जीआय मानांकन, म्हणजे भागाच्या नावाची कायदेशीर ओळख, आपल्याकडं २०१९ पासूनच होतं. पण सोशल मीडियावर लोक तुटून पडले, तेव्हा कुठं कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. मला याचा फार अभिमान वाटतो.

निघताना शेजारच्या दुकानदारांनी विचारलं, ‘पैसे देऊन चांगले रिव्ह्यू टाकून मिळतील काय?’ मी स्पष्ट नाही म्हणालो. पैसे घेऊन केलेलं कौतुक जाहिरात म्हणून सांगायलाच हवं, आणि खोटा रिव्ह्यू तर गिऱ्हाईकाची फसवणूकच आहे. त्यांना ते फारसं पटलं नाही. उद्या परत जाऊन बोलणार आहे.