पाख्यावर फासे

दादाने काल टेबलावर छोट्या शिपायांची लढाई खेळता खेळता मोजपट्टी मी बनवलेल्या छोट्या घराच्या आढ्यावर आडवी टाकली. मग फासे ठेवले पडवीच्या पाख्यावर, धुराड्याच्या आडोशाला, घरंगळू नयेत म्हणून. कुणाला काही वाटलं नाही. रात्री बाबांच्या दिव्याखाली कौल न् कौल तपासलं. एकही ओरखडा नाही. त्याचाच राग येतोय. टवका उडाला असता तर चार शब्द सुनावता तरी आले असते.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं शेतघर आहे ते, दुसऱ्या महायुद्धातल्या 1944 च्या जूनमधलं, 28 मिलिमीटर उंचीच्या शिपायांसाठी. खेळणाऱ्यांच्या लेखी नुसतं 'कव्हर', म्हणजे शिपायांना लपायला आडोसा. आत किती शिपाई मावतात, एवढंच विचारतात.

तुळया काळ्या रंगवल्या नाहीत, याची तरी दखल घ्यायची कुणीतरी. काळी तुळई आणि पांढरीफेक भिंत ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी हौस. उघड्यावरचं ओक ऊनपावसाने करडं पडतं. म्हणून आधी गडद तपकिरी, वर फिकट करड्याचा कोरडा ब्रश, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मधल्या भिंती काठ्या विणून वर माती लिंपलेल्या, आपल्या कुडासारख्याच. त्यांना लांबीत (पुट्टीत) फेव्हिकॉल आणि चिमूटभर बारीक वाळू कालवून अर्धा मिलिमीटर थर दिला आणि ओला असतानाच राठ ब्रशने टोचून घेतला. पांढऱ्यात थोडा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, हवाच. निव्वळ पांढऱ्याने घर खेळण्यातलं दिसतं. जमिनीलगत सेंटीमीटरभर चिखल, स्पंजने. खिडक्यांखाली ओघळ. आणि हे सगळं दिसतं कुणाला? टेबलाभोवती उभा असलेला माणूस वरूनच बघतो. त्याला छप्पर दिसतं आणि छपरावर तो मोजपट्टी ठेवतो.

छपराला सगळ्यात जास्त वेळ जातो, तो याचसाठी. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा, सातआठ मिलिमीटर रुंद पट्ट्या, प्रत्येकीला खालच्या अंगाने कात्रीच्या खाचा. चिकटवायला सुरुवात वळचणीपासून. वरची ओळ खालचीवर निम्मी चढलेली आणि अर्ध्या कौलाने सरकलेली. सगळी कौलं एका ओळंब्यात बसली की छप्पर छापील वाटतं, म्हणून मधूनच एखाद्याचा कोपरा उडवायचा, एखादं तिरकं करायचं. सगळीकडे गडद तपकिरी, मग विटकरी. त्यानंतर सुटी सुटी कौलं उचलून कुठे करडं, कुठे जांभळट, कुठे शेवाळी. हे काम कंटाळवाणं, पण लांबून छपराला जीव येतो तो यानेच. वर बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरीचा) पातळ हात, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, म्हणजे रंग डबक्यासारखा न साचता फटींत उतरतो. पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली तर पुढचा ब्रश तो उचलून आणतो. शेवटी कोरडा ब्रश, रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून, वळचणीकडून आढ्याकडे. उलटा, वरून खाली फिरवला तर कौलांच्या कडा पकडतच नाही.

आणि त्या कडेवर फासे.

व्हार्निशचं म्हणाल तर पावसाळ्यात मॅटचा स्प्रे मारायचाच नाही. हवेतल्या ओलीने वर पांढुरकी साय धरते आणि गडद छपरावर ती पहिली दिसते. वर चमकदार व्हार्निशचा हात दिला तर बऱ्याचदा जाते, नेहमीच नाही. मी ब्रशनेच लावतो: चमकदारचे दोन हात, वर मॅटचा एक. चमक मारण्यासाठी मॅटमध्ये भुकटी घातलेली असते, त्यामुळे एकटं मॅट तितकं टणक नसतं. आढं आणि वळचणीचे कोपरे यांना चमकदारचा एक हात जास्त, कारण छप्पर उचलताना बोटं तिथेच लागतात.

हे लिहिताना माझं मलाच हसू आलं. बोटं कुठे लागणार हे हिशेबात धरून व्हार्निश मी लावलं. छप्पर उचलता यावं म्हणून भिंतीपासून मिलिमीटरभर फट मीच ठेवली, रंगाच्या थरांनी ती आवळली तेव्हा आतली कड पॉलिशपेपरने घासली तीही मीच. भिंतींचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा) एका बाजूने रंगवला तर वाकडा होतो, म्हणून भिंती आतूनही रंगवल्या. लेझरने जळलेल्या कडा रंग पितात, त्यांना आधी पातळ फेव्हिकॉल. त्याने कडा फुगल्या, त्या घासून पुन्हा फेव्हिकॉल. एवढा बंदोबस्त केलेलं घर कपाटात ठेवायचं नसतंच. दादाने फक्त ते वापरलं. तरी फासे ठेवण्याआधी एकदा बघितलं असतं त्याने... जाऊ दे.

पुढचं घर गवती छपराचं करावं म्हणतो. नॉर्मंडीत अशा छपरांच्या आढ्यावर आयरिसची फुलझाडं लावतात, मुळांनी तिथली माती धरून राहावी म्हणून. छपराला टॉवेलचा तुकडा फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून पाख्यावर पसरायचा, कंगव्याने खाली विंचरायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. टॉवेल जुना, झिजलेला हवा. नव्याचे धागे फार उंच असतात, या मापाला ते गवत वाटतच नाही. उतार मात्र एवढा उभा करणार आहे की वर काही टिकणारच नाही.