पाच लिटरचा डबा

वडापाव सोडून सहा आठवडे झाले आणि काट्यावर आकडा आला ७१.२. सुरुवातीला होता ७१.४. म्हणजे रोज संध्याकाळी चर्चगेटला शिरताना तळणीच्या वासाकडे पाठ फिरवून गाडी पकडली, त्याची कमाई दोनशे ग्रॅम. तेवढं तर माझ्या पर्सचं वजन रोज कमी-जास्त होतं.

हे सगळं सुरू झालं ऑफिसच्या वार्षिक तपासणीतून. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी, आलं ६.१. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. ५.७ ते ६.४ हा तो उंबरठा. माझी उंची १५५ सेंटीमीटर, त्यामुळे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जवळजवळ ३०. मला वाटत होतं लठ्ठपणा ३० च्या आकड्यापासून सुरू होतो, म्हणजे मी अजून काठावर. तर नाही. आपल्या भारतीय शरीरांना २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर ९६ सेंटीमीटर, बायकांना मर्यादा ८० ची. साडी नेसत असल्याने ही कंबर इतकी वर्षं माझ्यापासूनही लपून राहिली होती.

मग एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. तीन मिनिटांत छापील कागद हातात. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, नाश्त्याला किनोआ, दुपारी ब्रोकोली ऑलिव्ह ऑइलमध्ये परतून. आमच्या घरी सासूबाई मालवणच्या, नवरा त्यांचा मुलगा, लेक बारावीत. किनोआचा उपमा केला तेव्हा आईंनी चिमटीत दाणा धरून उजेडात बघितला आणि म्हणाल्या, "अगो, ही वरीचीच कोणतरी महागडी बहीण दिसते." फी भरली होती म्हणून मी तीन आठवडे रेटलं. मधाचा हिशोब पुढे कधीतरी केला: एक मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी. लिंबाने त्या जात नाहीत.

तो कागद फ्रिजवरून काढला आणि स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा आणला. नियम एकच ठरवला, महिनाभर काही सोडायचं नाही, फक्त मोजायचं आणि लिहायचं. आणि पहिल्यांदा मोजायला घेतलं ते तेल. कारण सोपं होतं, पाच लिटरचा नवीन डबा त्याच दिवशी आला होता. त्यावर मार्करने तारीख घातली.

डबा बरोबर तीस दिवस गेला. घरात माणसं चार. पाच लिटर तेल म्हणजे साडेचार किलोच्या वर थोडं. भागाकार केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिष्टाच्या आणि प्रथिनाच्या ग्रॅमला ४. म्हणजे माझ्या पोटात रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, एका वडापावापेक्षा जास्तच, आणि तेही घरचं सात्त्विक जेवण जेवून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींचं जे ताट आखून दिलंय त्यात तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमच्या ३८ मध्ये तूप नाही, ओल्या नारळाचं वाटण नाही, सोलकढी नाही. मी आकडा दोनदा तपासला. बाहेरचं तेलकट, घरचं हलकं, हे मी लेकीला पंधरा वर्षं ऐकवत आले होते.

तेल जातं कुठे ते शोधायला लागले. चोर निघाली पळी. फोडणीला मी डब्यातून पळीने तेल घ्यायचे, अंदाजाने, आणि तो अंदाज लग्नानंतर आईंच्या हाताकडे बघून शिकलेला, तोही सात माणसांच्या घरातला. माणसं कमी झाली, पळी तीच राहिली. पळी काट्यावर रिकामी करून बघितली तर ३५ ग्रॅम. वांग्याच्या भाजीला अशा दोन जात होत्या, कारण वांगं तेल पितं आणि भाजी कोरडी दिसली की आपण वरून आणखी सोडतो. आता फोडणीला पोह्याचे तीन चमचे, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं. ही काही माझी युक्ती नाही, आमच्या आजीची. बांगडा रव्यात घोळवून तळलेला आठवड्यातून एकदाच, बाकी वेळा तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण. यावर नवऱ्याने दोन दिवस मौन पाळलं, मग तिखल्याला तिरफळं जास्त घाल एवढंच म्हणाला.

दुसरा धक्का उपवासाचा. मी चतुर्थी करते, सोमवारही करते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे मी दुसऱ्यांबद्दल म्हणायचे. एका सोमवारी माझ्या ताटलीतली खिचडी कच्च्या मालावरून मोजली: साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, तूप १५ ग्रॅम, अर्धा बटाटा. बेरीज ६०० कॅलरींच्या आसपास, म्हणजे दोन वडापाव. त्यातला साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा नुसता स्टार्च, प्रथिन म्हणाल तर नावाला. खिचडीत जे काही बरं आहे ते कूट. सोमवारी दुपारी तीनला मला झोप का येते आणि पाचला पुन्हा भूक का लागते, याचं उत्तर त्या ताटलीत होतं. उपवास सोडलेले नाहीत. वरीचे तांदूळ अर्धी वाटी, दाण्याची आमटी, वाटीभर दही आणि काकडी. आईंच्या मते यात उपवासासारखं वाटतच नाही. असो.

चहाचं मात्र पटकन आटपलं. घरी दोन, ऑफिसात मशीनचे तीन. मशीनच्या पावडरीत साखर आधीच घातलेली असते, तिला 'कम शुगर' सांगता येत नाही. पाच कपांत माझ्याकडे दिवसाला जवळजवळ पन्नास ग्रॅम साखर जात होती. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जमलं तर पंचवीसच्या आत राहा. मशीन बंद, घरचे दोन अर्ध्या चमच्याचे. गुळाचा चहा करून बघितला. गूळ आणि साखर कॅलरीत सख्ख्या बहिणी, वर चहा फाटला तो वेगळाच.

तीन आठवडे भात पूर्ण बंद करायचा पराक्रमही करून झाला. कोकणातल्या घरात भाताविना माशाची कढी म्हणजे काय ते लिहिण्यात अर्थ नाही. चिडचिड इतकी की लेक मला विचारून खोलीत यायला लागली. भात परत आणला, एक वाटी, सपाट. मग लक्षात आलं की खरी उणीव दुसरीकडेच होती. मी दोन्ही वेळा वरण खाते म्हणून प्रथिनांची काळजी नाही असं समजून होते, पण आमच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे प्रथिन पाच ग्रॅम. मला दिवसाला पन्नासच्या वर हवं. आता वरण घट्ट, रात्री मटकी किंवा मुगाची उसळ भाजीइतकी, आणि मासळी.

वडापावचं कोडंही तिथेच सुटलं. एकला डबा, आठला घर, मध्ये सात तास. सहा वाजता चर्चगेटला उभी असलेली बाई वडापाव खाणारच, नाहीतर घरी येऊन चिवड्याचा डबा उघडणार. वडापाव सोडला त्या सहा आठवड्यांत मी नेमकं तेच करत होते, ओंजळीने, उभ्या उभ्या, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. आता पर्समध्ये फुटाण्यांची डबी असते, सालासकट, साडेपाचला मूठभर. उकडलेलं अंडंही नेऊन बघितलं. लेडीज डब्यात मरीन लाइन्स ते ग्रँट रोड एवढ्या अंतरात सगळ्या ग्रुपने माझ्याशी बोलणं टाकलं.

ब्रेडचं एक राहिलं. 'मल्टिग्रेन' म्हणून वर्षभर जो तपकिरी ब्रेड घेत होते, त्याची पाठ चष्मा लावून वाचली. घटकपदार्थ जास्त वजनाचा आधी या क्रमाने छापतात. पहिलाच शब्द मैदा. ओट वगैरे मंडळी शेवटी, मिठाच्या शेजारी.

अकरा महिने झाले. वजन ६४.८, कंबर ८८, एचबीए१सी ५.८. म्हणजे उंबरठ्यावरच आहे, पण तोंड बाहेरच्या दिशेला. बीएमआय अजून २७. मधले दोन महिने, दिवाळी आणि लेकीची परीक्षा, काटा जागचा हलला नव्हता. वडापाव शुक्रवारी एक खाते, तिखट मिरचीसकट, गाडीत बसायला मिळालं तर बसून.

तेलाचा डबा सध्या ४८ दिवस जातो. तारीख आता आईच घालतात, मला चष्मा शोधायला लागतो म्हणून. मात्र परवा त्यांनी बजावलंय, गणपतीचे पाच दिवस तो काटा माळ्यावर जाईल, नारळ-गूळ मोजून केलेले मोदक बाप्पाच्या पुढ्यात ठेवायची आपल्यात पद्धत नाही.