तुम्ही विचारलंत म्हणून: नदी निळी का नाही?

आमचा लढायांचा खेळ बघायला येणारे टेबलावर मांडलेले २८ मिमी उंचीचे शिपाई न्याहाळतात आणि मग हमखास विचारतात: नदी कशाची केली? आणि पाणी असं गढूळ का, निळं का नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते माझ्या जास्त जिव्हाळ्याचं आहे. ही गोदावरी आहे, तीही श्रावणातली. गंगेला (आम्ही गोदेला गंगाच म्हणतो) आलेला पूर ज्यानं पाहिलाय, पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं याची चौकशी ज्याच्या घरात दर पावसाळ्यात होते, त्या नाशिककरानं निळी नदी रंगवावी हे मला पटत नाही. शिवाय आम्ही खेळतो ती राक्षसभुवनची लढाई, १० ऑगस्ट १७६३ ची. निजाम काही फौज घेऊन पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडेच राहिलेला, मध्ये फुगलेली गोदा. माधवराव पेशव्यांच्या फौजेनं अलीकडची फौज मोडली, विठ्ठल सुंदर पडला, आणि पलीकडून निजामाला काहीही करता आलं नाही. हा निकाल नदीनं लावला. ती शोभेपुरती करून कसं चालेल?

आता कृती. ३ मिमीचं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, घ्या. टेबल खणता येत नाही, नदी वरच ठेवावी लागते, म्हणून तळ पातळच हवा. काठ वॉल पुटीत वाळू मिसळून करा आणि शिपाई उभा राहील इतके पसरट ठेवा. देखण्या नद्या इथेच फसतात, फौज काठावरून घसरते. एमडीएफ एकाच बाजूनं ओलं झालं तर वाकतं, खालूनही रंगाचा हात द्या. नदी एकमेकांना जोडायच्या तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकांना पात्राची रुंदी सारखी ठेवा.

वळणावर मात्र घाई नको. बाहेरच्या काठाला पाणी जोरात आपटतं, तिथे तुटकी दरड. आतल्या बाजूला गाळ बसतो, तिथे वाळूचा पट्टा. एवढं केलं की ती नदी वाटते, नाहीतर कालवा.

पाण्यासाठी रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन, घेऊ नका. पुराच्या पाण्याचा तळ दिसतच नाही, मग पारदर्शकपणासाठी पैसे का घालवायचे? फटी बुजवायचं ॲक्रिलिक सीलंट पसरा, जुन्या ब्रशनं प्रवाहाच्या दिशेनं ओढा. खडकाशी पाणी दुभंगतं आणि त्याच्या खालच्या अंगाला पुन्हा मिळतं, तेवढ्या रेघा नीट काढा. वाळल्यावर गडद तपकिरी, मातकट पिवळा आणि थोडा पांढरा रंग, वर चकचकीत वार्निशचे दोन-तीन हात. पावसाळ्यात प्रत्येक हात पुरता वाळू द्या, दमट हवेत वार्निश दुधाळ पडतं.

रुंदीचंही विचारता. २८ मिमीच्या शिपायांच्या मापात शंभर मीटरचं पात्र जवळपास पावणेदोन मीटर होईल, म्हणजे टेबलच संपलं. आम्ही १५ सेंटीमीटर धरतो आणि उतारासाठी, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेसाठी, वेगळा तुकडा ठेवतो. तो तुकडा मांडलेला नसेल तर नदी कोणीही ओलांडायची नाही, हा आमचा नियम.