किल्ट कुणालाही शोभतो, घोळ होतो तो स्पोरनचा

स्कॉटलंडमधलं स्काय बेट, लॉख नेस, हायलँड्सचे डोंगर, सगळं पाहून झालं. त्याबद्दल इथे एवढंच की धुकं पुष्कळ होतं आणि मिज नावाचे चावरे किडे त्याहून पुष्कळ. लिहायचंय ते एडिनबराच्या रॉयल माईलबद्दल. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंतच्या या उतारावर चार पावलं टाकली की किल्टचं, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या निऱ्यांच्या घागऱ्याचं, दुकान, आणि बऱ्याच दारांत 'पूर्ण सेट' टांगलेला. किल्ट, स्पोरन नावाची पिशवी, मोजे, पिन, सगळं एकगठ्ठा. या सेटवर माझा राग आहे. भाचीला स्कॉटिश सासर मिळालंय किंवा मुलाचं ग्रॅज्युएशन तिकडे आहे म्हणून किल्ट घालायची हौस असेल, तर गठ्ठा घेऊ नका. एकेक वस्तू हातात घेऊन बघा.

आधी किल्टचं थोडक्यात. चांगल्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं, म्हणजे नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि निऱ्या पुढे नाहीत, मागे. स्वस्तातला अ‍ॅक्रिलिकचा असतो. त्याला वजनच नसल्याने एडिनबराच्या वाऱ्यात तो उडतो आणि निऱ्या बसल्याबसल्या मोडतात. घालायचा तो पँटसारखा कमरेखाली नाही, तर बेंबीच्या उंचीवर. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर यायला हवी. म्हणून मापाला पँटचा नंबर सांगू नका, टेप लावून घ्या. कुठल्या टार्टनचा, म्हणजे कुठल्या चौकड्यांच्या नक्षीचा, घ्यावा याची फार काळजी नको. 'ब्लॅक वॉच' किंवा 'रॉयल स्ट्यूअर्ट' कुणीही घालतं. बाल्मोरल टार्टन मात्र राजघराण्यासाठी राखीव आहे.

आता स्पोरन. किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे लटकणारी ही चामड्याची पिशवी. किल्ल्यासमोर फोटो काढणाऱ्यांकडे बघा, दहातल्या आठांचा स्पोरन मांड्यांवर आपटत असतो. सेटमधला स्पोरनचा पट्टा सगळ्यांच्या पोटाला पुरावा म्हणून लांब दिलेला असतो, आणि तो आवळायचा असतो हे दुकानात कुणी सांगत नाही. माप सोपं आहे: कमरेच्या रुंद पट्ट्याच्या बक्कलाखाली, वेस्टकोट असेल तर त्याच्या खालच्या कडेखाली, चार बोटं आडवी धरायची. तिथे स्पोरनची वरची कड. त्याहून खाली गेला तर चालताना डोलतो आणि जिना चढताना गुडघ्याला लागतो. स्पोरनचा पट्टा किल्टच्या मागच्या लुपांमधून ओवून घ्या, नाहीतर नाचताना तो वर सरकतो. साखळीचा पट्टा असेल तर मागे चामड्याचा भाग यायला हवा. साखळी लोकरीवर घासली की तिथे कापड विरतं, आणि भाड्याचा किल्ट असेल तर ते दुकानदाराला लगेच दिसतं.

स्पोरनचे प्रकार प्रसंगाप्रमाणे. दिवसा साधा चामड्याचा, तपकिरी किंवा काळा. संध्याकाळच्या समारंभाला फरचा, वर धातूची कमान आणि पुढे तीन गोंडे. दोन्हीकडे चालवायचा असेल तर मधला, म्हणजे चामड्याचा पण पुढे फरचा तुकडा असलेला. घोड्याच्या केसांचा लांबलचक स्पोरन पाइप बँडवाल्यांना शोभतो, लग्नातल्या पाहुण्याला नाही. गाडी चालवताना किंवा नाचताना स्पोरन फिरवून कमरेच्या बाजूला घ्यायचा.

जाकीटही याच हिशोबाने ठरतं. 'प्रिन्स चार्ली' हे बो-टायवालं रात्रीचं जाकीट. दुपारी दोनच्या लग्नाला ते घालून गेलात तर वाढपी समजून कुणी ग्लास मागेल. दिवसा 'अर्गाइल' किंवा ट्वीड, आणि लांब टाय. वेस्टकोट घातला तर रुंद पट्टा लावायचा नाही, दोन्ही एकदम लावले की पोटापाशी फुगवटा येतो. बटणं, बक्कल, पिन आणि स्पोरनची कमान एकाच धातूरंगाची घ्या. एक चकचकीत आणि एक काळपट असं मिसळलं की भाड्याचं लगेच ओळखू येतं.

पिन किल्टच्या पुढे एकमेकांवर येणाऱ्या दोन पदरांपैकी फक्त वरच्या पदराला लावायची, उजव्या खालच्या कोपऱ्यात, झालरीच्या कडेपासून साधारण दोन इंच आत आणि खालच्या कडेपासून चार इंच वर. दोन्ही पदरांतून टोचलीत तर बसताना कापड ताणलं जातं आणि फाटतं. ती किल्ट धरून ठेवण्यासाठी नाहीच.

मोज्यांची वरची घडी गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं. घडीखाली इलॅस्टिक बांधायचं आणि त्याच्या रंगीत पट्ट्या, ज्यांना फ्लॅशेस म्हणतात, पायाच्या बाहेरच्या बाजूला इंच-दीड इंच दिसू द्यायच्या. रंग टार्टनमधलाच एखादा निवडा. पांढरेशुभ्र मोजे भाड्याच्या सेटमध्ये हमखास येतात. मला ते मुळीच आवडत नाहीत. राखाडी किंवा गडद हिरवे मागून घ्या.

किल्टवरच्या बुटांना जीभ नसते आणि नाड्या लांबलचक असतात. नाड्या ओढून समोर दोन-तीन पीळ द्यायचे, मग घोट्यामागून फिरवून पुढे, जराशी बाहेरच्या बाजूला गाठ. पोटरीपर्यंत गुंडाळत नेल्यात तर दहा मिनिटांत खाली घसरतात.

उजव्या हाताने काम करत असाल तर स्किअन डू ही छोटी सुरी उजव्या मोज्यात, फक्त मूठ वर दिसेल अशी. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिकडचा कायदा तिला सूट देतो, विमानतळावरची तपासणी देत नाही. विकत घेतली असेल तर चेक-इनच्या बॅगेत टाका. भाड्याने मिळते ती पुष्कळदा बिनपात्याची, नुसती प्लॅस्टिकची मूठ असते, आणि समारंभापुरती तीही पुरते.